दोन लायब्रऱ्या आणि यादीतलं एक नाव

सर गेल्यानंतर जवळजवळ महिन्याने मला कळलं, की त्यांच्यासाठी अजून घरी फोन येतात.

दुपारी साडेतीनच्या सुमारास एक माणूस आमच्या ऑफिसात आला. पिंपळगावकडचा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. हातात एक घडी पडलेला कागद होता, कुठल्यातरी सायबर कॅफेतून काढलेलं प्रिंट. त्याने तो माझ्या टेबलावर पसरला.

"ही यादी तुमचीच हाय ना?"

यादी आमचीच होती. नाशिकमधल्या रक्तदात्यांची, रक्तगटानुसार. ओ निगेटिव्हखाली सात नावं होती आणि त्यातल्या पहिल्या नावाभोवती त्याने पेनाने गोल केला होता.

"ह्या माणसाला फोन लावला. बाई बोलली. म्हणली, तो घरी नाय, येईल. आम्ही दोन तास वाट पाहिली. माझी बायको आत, बाळंतपणात लय रक्त गेलेलं. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच, येईल."

"मग?" मी विचारलं.

"मग देवळालीचा एक जण आला. मिळालं. वाचली. पण ह्याला विचारा, यायचं नसंल तर नाव कशाला देतो?"

मला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "ते सध्या बाहेरगावी आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मग नाव काढा ना," म्हणाला आणि कागद तिथेच ठेवून गेला.

सर म्हणजे माझे सीनियर. शरणपूर रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. मालक, डिझाइन करणारी एक मुलगी, सर आणि मी. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांच्या, हॉटेलांच्या, एकदोन कॉलेजांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो आणि कोपऱ्यातल्या एका लिनक्स मशिनवरून चालवायचो. मी पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेले. घरी मखमलाबादला फुलांची शेती. आमच्या घरात कॉम्प्युटर कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं. सर सटाण्याकडचे. वय तीसही नसेल, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना सर म्हणायचे आणि ते मला मॅडम म्हणायचे. थट्टेत नाही, तशी त्यांची पद्धतच होती. एरवी शुद्ध बोलायचे. मशीन अडलं की मात्र तोंडातल्या तोंडात अहिराणी सुरू व्हायची. "काय शे तुले?" म्हणजे काय आहे तुला, असं ते सर्व्हरला विचारायचे.

त्या मशिनवरचा वेब सर्व्हर त्यांनी स्वतः बांधला होता. मला हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम दोन प्रकारे आणता येतो. एक, तयार पॅकेज घ्यायचं. ते सीडीवर किंवा नेटवर असतं, एक कमांड दिली की बसतं. दुसरा प्रकार म्हणजे त्याचा मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच मशिनवर कंपाईल करायचा, म्हणजे हाताने बांधायचा, आपल्याला हवं ते ठेवून, नको ते गाळून. याला वेळ लागतो, आणि दहा वेळा चुकतं. सर दुसऱ्या प्रकारचे. मी पहिल्या. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवर मी लिनक्स शिकले होते आणि पॅकेजवर माझा पूर्ण विश्वास होता.

अडचण अशी, की सगळंच काही हाताने बांधता येत नाही. प्रोग्रॅमना लायब्रऱ्या लागतात, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा सामायिक कोड. आमच्या मशिनवर वेब सर्व्हर सरांच्या हातचा होता आणि बऱ्याचशा लायब्रऱ्या पॅकेजमधल्या. तो मेळ त्यांनी मोठ्या मुश्किलीने बसवला होता.

"घरचं लोणचं चांगलं, विकतचंही चांगलं," ते मला म्हणायचे. "एका बरणीत घालू नये. घातलंच, तर मग बरणी हलवू नये. मॅडम, या मशिनवर अपडेट करायचं नाही."

"पण सर, सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, त्यांचं काय?"

"त्या मी बघतो ना."

यावर आमचं बऱ्याचदा वाजायचं. मला वाटायचं, हा अहंकार आहे. उद्या हा माणूस नसला तर हे मशीन कुणाला कळणार? एकदा मी हे असंच्या असं तोंडावर बोलले. ते हसले. म्हणाले, "खरं आहे." बस्स, तेवढंच.

रक्तदात्यांची यादी हे सरांचं स्वतःचं काम होतं. ऑफिसचं नव्हे. त्यांचा गट ओ निगेटिव्ह, आणि कॉलेजात असताना एकदा कुणासाठी तरी रक्त शोधत हिंडण्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. मालकांनी मशिनवर जागा वापरू दिली. लोक पान उघडून नाव नोंदवायचे, कुणाला गरज पडली की यादी बघून फोन करायचे. पहिलं नाव सरांचंच. सिडकोत आईबरोबर राहायचे, त्या घरचा नंबर.

ते चार दिवसांच्या तापात गेले. सोमवारी ऑफिसातून लवकर निघाले, गुरुवारी संध्याकाळी फोन आला. कसला ताप होता, हे डॉक्टरांनाही शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले, मशिनसमोर बसले आणि अपडेट केलं.

का केलं, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. एका लायब्ररीत मोठी त्रुटी सापडल्याची बातमी होती, हे खरं. मशीन आता माझ्या जबाबदारीवर होतं, हेही खरं. पण कमांड देताना माझ्या मनात त्रुटी नव्हती. आता अडवायला कुणी नाही, हे होतं. दुःखातही माणूस असा विचार करतो, हे मला स्वतःवरून कळलं.

अपडेट झालं. वेबसाइट सुरू होत्या. मी चहा प्यायले.

दोनतीन दिवसांनी ईमेल यायला लागल्या, की यादीत नाव नोंदवता येत नाही, कोरं पान येतं. डिझाइनवाली म्हणाली, "सर गेले आणि त्यांचा सर्व्हरही रुसला." मालकांनी मान हलवली. अपडेटचं मी सांगितलं नाही. यादी दिसत होती, शोधता येत होती. नोंदणीचं बघू नंतर, म्हणून मी ते बाजूला सारलं. खरं म्हणजे मला त्या मशीनमध्ये हात घालायची भीती वाटत होती.

मग तो पिंपळगावचा माणूस आला.

तो गेल्यावर मी सरांच्या घरी फोन केला. त्यांच्या आईंनी उचलला.

"मावशी, तुम्हाला रक्तासाठी फोन येतात?"

"येतात ना. कालच आला होता."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

पाठीमागे कुकरची शिट्टी झाली.

"तो घरी नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "दुसरं तोंडातून निघत नाही, पोरी. खूप ठरवते. फोन उचलला की निघत नाही."

"मावशी, लोक वाट बघत बसतात."

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरोखरच आत्ता कळलं असावं असा तो आवाज होता. "बसतात का वाट बघत?"

मी म्हणाले, मी आजच नाव काढते.

नाव काढायचं पान सरांनी बनवलेलं होतं. फोन नंबर टाकायचा, माणसाची नोंद समोर येते, खाली विचारतं, 'नाव काढायचं? नक्की?' मी नंबर टाकला. कोरं पान आलं. पुन्हा टाकला. पुन्हा कोरं. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी एकच ओळ उमटत होती. प्रक्रिया कोसळली. मी सात वेळा प्रयत्न केला आणि सात ओळी उमटल्या.

कारण शोधायला दोन दिवस लागले. यादी दाखवणारा प्रोग्रॅम सरांनी वेगळा बांधला होता. त्याला लागणारी लायब्ररी त्याच्या पोटातच होती, त्यामुळे बाहेर काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नाव नोंदवणारा आणि काढणारा भाग मात्र वेब सर्व्हरच्या आत चालायचा. वेब सर्व्हरच्या पोटात त्या लायब्ररीची जुनी आवृत्ती होती, सरांनी बांधताना घातलेली. माझ्या अपडेटने पॅकेजमधली नवी आवृत्ती आणून ठेवली होती आणि हा भाग तिला बोलवत होता. एकाच प्रक्रियेत एकाच नावाच्या दोन लायब्रऱ्या. दोघींतल्या कामांची नावंही तीच. हाक एकीला जायची आणि ओ दुसरी द्यायची. मग सगळं कोसळायचं.

म्हणजे बरणी मी हलवली होती.

जुनं पॅकेज परत टाकून बघितलं. तोवर मेलचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर बसला होता, तो बंद पडायला लागला. यादीची फाइल थेट उघडायला गेले, तर नवी हत्यारं म्हणाली की हा प्रकार ओळखीचा नाही. आता वाटतं, यादी दाखवणाऱ्या पानात एक ओळ घालून मला तेवढं नाव लपवता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. तेव्हा ते सुचलं नाही असं मी लोकांना सांगते. सुचलं होतं. पण मला ते तसं लपवायचं नव्हतं. त्यांनी बांधलेल्या दारातूनच ते जावेत, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यापायी आणखी सहा दिवस गेले आणि त्या सहा दिवसांत त्या घरी किती फोन गेले, हे मी तेव्हा विचारलं नाही.

वेब सर्व्हर पुन्हा बांधायचा, तर सरांनी तो कोणत्या पर्यायांनी बांधला होता हे कळायला हवं होतं. मी त्यांच्या खात्यात शिरले. मशिनवर कोण कोण आहे हे दाखवणारी एक कमांड असते. ती दिली तर दोन नावं आली, एक माझं आणि एक सरांचं. ते सोमवारी लवकर निघाले तेव्हा स्वतःचं सत्र बंद करायचं राहून गेलं होतं. मशीन सांगत होतं की हे गृहस्थ आत आहेत, फक्त बरेच दिवस काही टाइप केलेलं नाही. मी खुर्ची मागे सरकवून उठले, खिडकीपाशी गेले. खाली रस्त्यावर सिंहस्थासाठी खोदकाम चाललं होतं. थोड्या वेळाने परत येऊन बसले. ते सत्र मी बंद केलं नाही.

कोड कंपाईल करण्याआधी मशिनची तपासणी होते आणि त्याची एक लांबलचक नोंद मागे राहते. कधी, कुणी, कुठल्या पर्यायांसह, सगळं. सरांच्या अशा अकरा नोंदी होत्या. दहा फसलेल्या. वेळा बघितल्या तर सगळ्या जेवणाच्या सुट्टीतल्या. आम्ही डबे उघडायचो तेव्हा ते म्हणायचे, "तुम्ही जेवा, मी आलोच," आणि यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना आमच्यात बसायला आवडत नाही.

त्या फोल्डरात आणखी एक लहान फाइल होती. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी. मला ती पाठ आहे.

'मॅडम ऐकणार नाहीत. अपडेट करतील. त्यांचंही चूक नाही, कधीतरी करावंच लागेल. केलं तर घाबरू नये. एक, यादीची फाइल आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी. दोन, जुन्या लायब्ररीचा कोड याच फोल्डरात आहे, तो वेगळ्या जागी बांधावा, पॅकेजच्या जागी नाही. तीन, वेब सर्व्हर बांधताना त्याला'

तिथे फाइल संपली होती. वाक्य अर्धंच. शेवटचा बदल सोमवारचा होता, ते निघाले त्याच्या थोडं आधीचा.

मी ती फाइल त्या दिवशी किती वेळा वाचली, माहीत नाही. डिझाइनवालीने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलंय.

एक आणि दोन मी त्यांनी सांगितलं तसंच केलं. तिसऱ्यासाठी अकराव्या नोंदीतले पर्याय घेतले आणि त्यांना काय म्हणायचं असेल, याचा अंदाज करत गेले. वेब सर्व्हरला फक्त त्या वेगळ्या जागेचीच लायब्ररी दाखवायची, आतल्या भागालाही तीच, आणि पॅकेजवालीकडे दोघांनीही बघायचं नाही. चार वेळा फसलं. पाचव्यांदा बांधून झालं. मी जेवणाच्या सुट्टीत काम करत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

नव्याने बांधलेला सर्व्हर सुरू केला आणि नाव काढायचं पान उघडलं. नंबर टाकला. नोंद आली. नाव, गट, पत्ता, शेवटचं रक्तदान. खाली तो प्रश्न, 'नाव काढायचं? नक्की?' मी हो दाबलं. यादीत ओ निगेटिव्हखाली सहा नावं राहिली.

पुढच्या आठवड्यात एके दुपारी चार तास वीज गेली. बॅटरी संपली, मशीन बंद पडलं. वीज आल्यावर सुरू झालं तेव्हा मी ती कमांड दिली. एकच नाव आलं. माझं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी मावशी ऑफिसात आल्या. सिटी बसने, विचारत विचारत. मालकांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. थेट माझ्याकडे आल्या.

"फोन यायचे बंद झाले."

"हो मावशी. नाव काढलं मी."

"तू वाट बघतात म्हणालीस ना, त्या दिवसानंतर मी नाही तसं सांगितलं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक शाळकरी वही काढली. सरांच्या खोलीत त्यांना यादीचं प्रिंट सापडलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, शेजारणीकडून सगळी नावं मराठीत लिहून घेतली होती. फोन आला की त्या सांगायच्या, "थांबा, मी बघून देते." मग एकेका नंबरवर स्वतः फोन करायच्या, कोण येऊ शकतं विचारायच्या आणि मग त्या माणसांना कळवायच्या. वहीत प्रत्येक फोनची नोंद होती. हॉस्पिटल, गट, कोण गेलं. पहिल्या पानावर एकच ओळ होती. 'बाळंतीण, ओ निगेटिव्ह. आपण थांबवून ठेवलं.'

"माझा नंबर घाल," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव नको घालू. माझं घाल."

"तुमचा गट कुठला?"

"माले काय ठाव?" त्या म्हणाल्या. मग मालकांकडे बघून सावरून म्हणाल्या, "मला नाही माहीत. गट लागतो का?"

लागत नव्हता. यादीच्या वर मी एक ओळ घातली, 'कुणी मिळत नसेल तर या नंबरवर फोन करावा, मदत करतील.' सव्वादोन वर्षं त्यांनी ते काम केलं. शहरातले रक्तपेढीवाले त्यांना आवाजावरून ओळखायला लागले.

मग त्यांचे गुडघे गेले, आणि येवल्याला दिलेल्या त्यांच्या मुलीने फार आग्रह धरला. जायच्या दिवशी मी सिडकोतल्या घरी मदतीला गेले होते. सामान फारसं नव्हतंच. आम्ही दोघी अंथरुणं बांधत होतो. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणं होणार नाही.

मी सांगितलं. सरांनी नको म्हटलेलं मी केलं, त्यामुळे सर्व्हर बिघडला, त्यामुळे नाव काढता येत नव्हतं. शिवाय लपवता येत असूनही मी लपवलं नाही. "ते सगळे दिवस तुम्हाला फोन घ्यावे लागले, मावशी, ते माझ्यामुळे."

त्यांना लायब्ररी वगैरे काही कळलं असेल असं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. हातातली चादर तशीच होती.

"ते दिवस वाईट नव्हते ग," त्या म्हणाल्या. "दहावं झालं, पाहुणे गेले. घर असं झालं की भिंतीसुद्धा बोलत नव्हत्या. आणि फोन वाजायचा. कुणीतरी विचारायचं, तो घरी शे का? रोज कुणीतरी विचारायचं." चादरीचं टोक त्यांनी चाचपलं. "त्या बाळंतिणीचं मात्र टोचतं. ते माझ्याकडे."

मी पुढे झाले.

"धर ते टोक," त्या म्हणाल्या. आम्ही चादर ताणली, मधोमध दुमडली, पुन्हा दुमडली. येवल्याची एसटी साडेचारची होती आणि रिक्षा अजून बोलवायची होती.